शेऱ्याचा रकाना

माझे वडील वसई तालुक्यात तलाठी होते. फेरफाराची वही, म्हणजे गाव नमुना सहा, मी लहानपणी त्यांच्या टेबलाशी उभी राहून कितीदा तरी पाहिली आहे. चार रकाने असत. अनुक्रमांक, हक्काचं स्वरूप, कोणत्या सर्व्हे नंबरवर परिणाम झाला तो, आणि शेवटी चाचणी अधिकाऱ्याचा शेरा. हा शेवटचा रकाना वडील कधीच भरत नसत. नोंद त्यांनी घालायची, प्रत चावडीवर लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं. मग मंडळ अधिकारी येऊन नोंद प्रमाणित करणार. हरकत आलीच तर ती वेगळ्या वहीत जायची आणि तिची सुनावणी व्हायची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, १९६६ च्या कायद्याच्या, कलम १५० मध्ये या रीतीचा आधार आहे. तेव्हा मला फक्त एवढंच दिसायचं की बाबांचं अक्षर सुंदर असूनही चौथ्या रकान्यात दुसऱ्याचं अक्षर आहे.

आज मी कर्जाच्या क्षेत्रात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोरणाचं काम पाहते. यंत्रणेने कोणता निर्णय घ्यायचा, कोणता घ्यायचा नाही, ती कोणत्या माहितीवर शिकली, चुकली तर उत्तर कोण देणार, हे ठरवायचं आणि ठरलेलं पाळलं जातंय का ते बघायचं. या कामात मला सर्वांत उपयोगी पडलेलं शिक्षण त्या वहीचं आहे, हे मला कळायला बरीच वर्षं गेली.

सुरुवातीला मी एक चूक केली. अर्ज छाननीच्या एका यंत्रणेला मी मंजुरी दिली, कारण कागदावर लिहिलं होतं की प्रत्येक नकार माणूस तपासेल. काही महिन्यांनी मी त्या तपासणाऱ्या मुलाशेजारी जाऊन बसले. अर्ज समोर येई, कोपऱ्यात यंत्रणेचा गुणांक लाल रंगात आधीच दिसे, आणि एका अर्जाला त्याला अर्धं मिनिटही मिळत नसे. यंत्रणेशी असहमत व्हायचं तर कारण लिहावं लागे; सहमत व्हायला एक बटण पुरे. दुपारपर्यंत त्याने एकदाही कारण लिहिलं नाही. त्याचा काही दोष नव्हता. चौथा रकाना मी ठेवला होता, पण तो भरायला माणसाला ना वेळ दिला होता ना अधिकार. त्या दिवशी घरी येईपर्यंत मला गाडीत कुणाशी बोलवलं नाही.

त्याच नकारांत मला माझी वसई सापडली. आमच्या पश्चिम पट्ट्यातली ख्रिस्ती आडनावं घ्या. डिमेलो हे एकच आडनाव इंग्रजीत कुणी वर स्वल्पविरामासारखं चिन्ह देऊन लिहितं, कुणी मधे जागा सोडून, कुणी सलग. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, सातबाऱ्यावर मराठीत तिसरंच. गावात कुणाला यात काही वावगं वाटत नाही, सगळे माणसाला ओळखतात. यंत्रणेला मात्र ही तीन माणसं वाटतात, आणि ओळख जुळत नाही म्हटलं की संशयाचा गुण वाढतो. मुद्दाम कुणी भेदभाव केलेला नसतो, आणि तरीही एकाच समाजाचे अर्ज खाली ढकलले जातात. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात असंच, पण फार मोठ्या प्रमाणावर झालं. कर खात्याच्या जोखीम ठरवणाऱ्या यंत्रणेत नागरिकत्व हा एक निकष होता. हजारो कुटुंबं फसवणूक करणारी ठरली, त्यांच्याकडून भत्ता परत मागितला गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या पंतप्रधान रुटे यांच्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. त्या कुटुंबांचं म्हणणं वेळेत ऐकेल असं कुणी नव्हतं.

आपल्याकडे अशा यंत्रणांसाठीच्या तत्त्वांची आता कमतरता नाही. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या, आयआयटी मुंबईच्या पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये सात सूत्रं मांडली. केंद्राच्या नोव्हेंबर २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही तीच सूत्रं घेतली. ती चांगली आहेत, मी ती मनापासून मानते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातलं एक वाक्य तर मी प्रत्येक बैठकीत वाचून दाखवते: ज्या माहितीवरून माणसाविषयी निर्णय होणार आहे ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असली पाहिजे. पण यंत्राने नकार का दिला याचं कारण मागण्याचा स्पष्ट हक्क हा कायदा देत नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे. ज्याला कारणच सांगितलं नाही, त्याने हरकत कशावर घ्यायची?

म्हणून आता अर्जदाराला जाणाऱ्या नोटिशीचा मजकूर माझ्यासमोर आल्याशिवाय मी कोणत्याही यंत्रणेवर सही करत नाही. यंत्रणा बांधणारी मंडळी चिडतात. त्यांना अचूकतेचे आकडे दाखवायचे असतात आणि मी विचारत असते, नोटीस कोणत्या भाषेत जाणार, हरकत कोण ऐकणार, आणि तो माणूस बांधणाऱ्यांच्याच हाताखाली आहे का? गुणांक आता तपासणाऱ्याला आधी दिसत नाही. त्याने आपलं मत नोंदवलं की मगच उघडतो. या एका बदलासाठी मला वर्षभर भांडावं लागलं.

मराठीतल्या नोटिशीचा पहिला खर्डा मी वडिलांना वाचून दाखवला. 'आपल्या अर्जातील तपशिलात विसंगती आढळल्याने' इथवर आले आणि त्यांनी थांबवलं.

"कसली विसंगती, ते लिही. आणि पंधरा दिवस दे. लोकांना कागद शोधायला वेळ लागतो गं."

मग मी लिहिलं: आपलं आडनाव दोन कागदांवर वेगवेगळं लिहिलेलं आहे. ते आपलंच आहे हे दाखवणारा कोणताही जुना कागद पंधरा दिवसांत पाठवा.

पहिल्या हरकतींपैकी एक आमच्याच तालुक्यातली होती. सोबत बाप्तिस्म्याच्या दाखल्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, जरा तिरका, कडेला कुणाचा तरी अंगठा आलेला. यंत्रणेला तो वाचता आला नाही. तपासणाऱ्या मुलीने तो मोठा करून पाहिला, आईचं नाव आणि जन्मतारीख बाकीच्या कागदांशी जुळवली, आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या नावासह लिहिलं: व्यक्ती एकच आहे, नकार रद्द.