चार बाटल्या, अकोला ते दर्यापूर

मातीतला सेंद्रिय कर्ब मोजायचा तर वॉकले-ब्लॅक पद्धतीत दर नमुन्याला 20 मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड लागतं. अडीच लिटरची बाटली सव्वाशे नमुन्यांत रिकामी. दर्यापूर तालुका खारपाणपट्ट्यातला, त्यामुळे माती तपासून घेणारे कमी नाहीत. बी.एस्सी. होऊन मी तिथल्या शेतकरी कंपनीच्या छोट्या प्रयोगशाळेत रुजू झाले आणि पहिलंच काम गळ्यात पडलं : अकोल्याहून चार बाटल्या आणा.

विकत घेणं सोपं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ॲसिडविक्रीवर बंधनं घातली, तेव्हापासून दुकानदार ओळखपत्र बघतो, कशाला हवं ते विचारतो आणि वहीत नोंद करतो. कंपनीचं पत्र, आधार, सही, झालं. एक बाटली उचलली तर हात खालीच गेला. हे ॲसिड पाण्याच्या 1.84 पट जड. नुसता ऐवज साडेचार किलोंच्या वर, काच वेगळी. लेबलवर एका टोकावर उभा चौकोन, त्यात दोन नळ्यांतून थेंब पडताहेत, एक हातावर, एक धातूच्या पट्टीवर, आणि दोन्हीला खड्डे पडलेत. खाली 8 हा वर्ग, शेजारी यूएन 1830.

आता न्यायचं कसं? एसटीत ज्वालाग्राही पदार्थांना मनाई. ॲसिड ज्वालाग्राही नसतं, हा वाद मनातल्या मनात मी जिंकला. कंडक्टरपुढे घालायची हिंमत झाली नाही. ट्रान्सपोर्टच्या एका ऑफिसात बुकिंगवाल्याला खरं सांगितलं, तर त्याने बिल्टीवर टेकवलेलं पेन उचललं. "ॲसिड नका लिहू ताई. 'लॅबचं सामान, नग 1' लिहितो. नाहीतर हमाल हात नाही लावत."

म्हणजे ज्याला खोकं उचलायचंय त्यालाच आत काय आहे ते कळू द्यायचं नाही! खोकं दुकानातच ठेवून मी परत आले आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 उघडले. 129 पासून 137 पर्यंत. वाचताना डोळ्यांसमोर टँकरच येतो. गायगावच्या डेपोतून पेट्रोल घेऊन निघणाऱ्या टँकरच्या फलकावरचा 1203 हा यूएन क्रमांक आजवर नुसता पाहिला होता. तसा फलक गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे हवा : रसायनाचं नाव किमान 50 मिलिमीटर उंच अक्षरांत, यूएन क्रमांक 100 मिलिमीटर, वर्गाचं लेबल 250 मिलिमीटर चौरस, शिवाय फोन नंबर. चालकाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद. गाडीत प्रथमोपचाराचं आणि बचावाचं सामान. आणि हे सगळं आहे ना, हे बघायचं माल पाठवणाऱ्यानेही.

'इतक्या लिटरच्या आत सूट' ही ओळ मी दोनदा वाचूनही हाती लागली नाही. मोटरसायकलवर न्यावं म्हटलं, तर मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत माल नेण्यासाठी वापरलेलं कुठलंही मोटार वाहन त्या वेळेपुरतं मालवाहूच.

पेट्रोलला मात्र सूट आहे. विक्रीसाठी नसेल तर 30 लिटरपर्यंत परवाना लागत नाही, असं 1934 चा पेट्रोलियम कायदा सांगतो. भांडं घट्ट बुचाचं हवं. धातूचं 25 लिटरपर्यंत, काचेचं एक लिटरपर्यंत. प्लास्टिकच्या बाटलीचं त्यात नावच नाही, आणि फवारणी पंपासाठी आपल्याकडे पेट्रोल जातं ते नेमकं तिच्यातूनच. युरोपच्या नियमांत सल्फ्युरिक ॲसिडलाही अशी वाट ठेवली आहे : आतली बाटली एक लिटरपर्यंत, खोकं 30 किलोंपर्यंत आणि वर ठरलेली खूण, की बऱ्याच अटी सैल होतात.

शेवटी दुकानदाराचीच गाडी दुसरा मोठा माल घेऊन आमच्या बाजूला येणार होती. फलक लावलेली, चालकाच्या परवान्यावर नोंद असलेली. केबिनमध्ये ठेवायचा माहितीचा कागद मी चालक काकांच्या हातात दिला. त्यांनी तो सावकाश वाचला आणि विचारलं, "सांडलं तं वरून पानी टाकू काय?"

"नाही काका, पाण्याने उकळून अंगावर उडेल. कोरडी माती टाका, लांब व्हा आणि पोलीस स्टेशनला कळवा."

सगळ्या नियमांत हा कागद मला सर्वांत शहाणा वाटला, आणि तो चार बाटल्यांनाही परवडतो. बाकीच्या अटी टँकरच्या मापाने शिवल्या आहेत; गावोगावच्या प्रयोगशाळा आणि कॉलेजं त्या पाळू शकत नाहीत, म्हणून बिल्टीवर 'लॅबचं सामान' येतं. नियम करणाऱ्यांनी पेट्रोलसारखी एक मर्यादा ॲसिडलाही ठरवून द्यावी. तोवर बिल्टीवर ॲसिड असंच लिहा, हमालाने हात लावला नाही तरी.