चुकण्याची मुभा

कोल्हापुरात ‘सीपीआर’ म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे येथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. त्यामुळे शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञाचे शिक्षण घेणारी आमची कन्या एके सायंकाळी म्हणाली, “बाबा, आज मी सीपीआर शिकले,” तेव्हा आम्ही विचारले, “म्हणजे? रस्ता माहीत नव्हता का?” ती खळखळून हसली. कित्येक महिन्यांनी हसली, हे आमच्या ध्यानी आले.

तिला डाव्या कानाने मुळीच ऐकू येत नाही, उजव्याने थोडेफार येते. समोरच्याच्या ओठांकडे पाहून ती बोलणे जुळवून घेते. शस्त्रक्रियागृहात मात्र साऱ्यांच्या तोंडाला मुखपट्टी! पहिल्याच सत्रात एका शिक्षकांनी वर्गादेखत विचारले होते, “डॉक्टरांनी मागितले एक आणि तू दिलेस दुसरे, तर?” प्रश्न रास्त होता, परंतु त्याचे उत्तर शोधण्याचा भार त्यांनी एकट्या तिच्यावर टाकला. त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवले नाही. ‘सोडून दे’ हे शब्द आमच्याही ओठांवर आले होते.

पुढे नव्या बाई आल्या. त्यांनी मुलांना रबरी पुतळ्यापुढे बसविले. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल छाती दाबायची. ३० दाबांनंतर २ श्वास द्यायचे. योग्य खोली गाठली की आत ‘खट्’ होते. ते कन्येला कानाने नाही, तरी तळहाताला कळले. चुकले तर पुतळा दगावत नाही. पुन्हा आरंभ करता येतो.

मग लुटुपुटीचे शस्त्रक्रियागृह मांडले गेले. मागणाऱ्याने आधी नाव घेऊन हाक मारायची, देणाऱ्याने मागणी मोठ्याने परत उच्चारायची आणि मागणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचे, असा नियम बाईंनी घातला. तो कन्येसाठी होता. पण दुसऱ्याच आठवड्यात उत्तम ऐकू येणाऱ्या एका मुलाची चूक त्यामुळे वेळीच सापडली. वैमानिकही हीच रीत पाळतात म्हणे. सराव संपला की सारे गोलाकार बसत आणि ‘कोण चुकले?’ असे न विचारता ‘काय घडले?’ असे विचारीत.

ही विद्या नवी नाही. १७५९ साली फ्रान्सच्या राजाने मादाम द्यु कुद्रे या सुईणीला गावोगावी शिकवावयास धाडले. कापडाचा आणि चामड्याचा देह शिवून तिने निरक्षर स्त्रियांनाही बाळंतपण शिकविले. अक्षर येत नाही म्हणून तिने कोणास परत पाठविले नाही.

आमची शाहूपुरी पेठ शाहू महाराजांनी १८९५ साली वसविली. शाळेचे दार उघडून ते थांबले नाहीत. नाना जातींच्या मुलांसाठी त्यांनी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही अशा मुलांसाठी वाजवी सोयी करण्याचे कर्तव्य शिक्षणसंस्थांवर सोपविले आहे. त्या सोयी म्हणजे काय, हे आम्हांस त्या बाईंमुळे उमगले.

आता रोझरी आटोपली की उशी पुढ्यात येते आणि विद्यार्थी आम्ही असतो.

“बाबा, अजून खोल. चुकलं तरी चालेल, ही उशीच आहे.”

आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतो.