हातगुण

आपल्याकडे डॉक्टरांची थोरवी सांगतांना त्यांच्या पदव्यांचा उल्लेख सहसा कोणी करीत नाहीं. "त्यांच्या हाताला गुण आहे," एवढें म्हटलें कीं सारें आलें. ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथें असा एक हातगुणाचा डॉक्टर ठरलेला असतो. आजोबांचा दमा, सुनेचें बाळंतपण, नातवाचा गोवर, सारें त्याला ठाऊक असतें. या शब्दांत कृतज्ञता पुष्कळ आहे. पण थोडा अन्यायहि आहे. गुण हाताचाच असेल तर तो जन्मतः लाभलेला; त्यामागें त्या मनुष्यानें किती रात्री जागून काढल्या आणि किती नोंदी केल्या, याचा विचार करण्याचें कारणच उरत नाहीं. महाड येथील डॉक्टर हिंमतराव बावसकर यांचा जीवनक्रम पाहतांना हें मला विशेष जाणवलें.

कोंकणांत राहिलेल्या माणसाला विंचवाची ओळख करून द्यावी लागत नाहीं. जांभ्या दगडाच्या भिंतींतील भेगा, कौलांची छपरें, पेंढ्याच्या उडव्या, रचून ठेवलेलें जळाऊ लांकूड, हीं त्याचीं वसतिस्थानें. आमची आजी वहाण झटकल्यावांचून कोणाला पाय घालूं देत नसे. विंचू चावला म्हणजे मांत्रिकाला बोलावणें जाई. बहुतेकांना रात्रभर असह्य वेदना होत व सकाळपर्यंत उतार पडे. श्रेय अर्थात् मंत्राला मिळे. परंतु तांबड्या विंचवाच्या दंशानें एखादें मूल घामानें निथळूं लागे, त्याला वांत्या होत, हातपाय गार पडत, धाप लागे, आणि शेवटीं तोंडाला तांबूस फेंस येई. मग मंत्रहि चालत नसे आणि इंजेक्शनहि. घरचीं माणसें आयुष्याची दोरी तेवढीच होती असें म्हणून मनाचें समाधान करून घेत.

१९७६ सालीं महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत हिंमतराव रुजू झाले, तेव्हां हें समाधान त्यांना पटलें नाहीं. त्यांचा जन्म १९५१ सालचा, आजच्या जालना जिल्ह्यांतील देहेड गांवचा. शेतकऱ्याच्या गरीब घरांत वाढून, पडेल तें काम करीत शिकून, त्यांनीं नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवी घेतली होती. विंचुदंशाविषयीं पाठ्यपुस्तकांत फारसें कांहींच नव्हतें. तेव्हां पुस्तकांत नाहीं तें खाटेजवळ बसून शिकावें, एवढाच मार्ग उरला. दंश झालेल्या रोग्याच्या उशाशीं रात्रभर बसून नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातपायांची ऊब यांच्या नोंदी ते करूं लागले.

या नोंदींतून हळूहळू एक क्रम दिसूं लागला. विंचवाचें विष शरीरांतील मज्जातंतूंना असें चेतवितें कीं, संकटकाळीं पाझरणारीं उत्तेजक द्रव्यें एकदम पुरासारखीं रक्तांत उतरतात. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाला त्या दाबाविरुद्ध झगडावें लागतें, तें थकतें, आणि फुफ्फुसांत पाणी भरतें. वांत्या, भरपूर घाम, गार पडलेले हातपाय हीं लक्षणें दिसतांच पुढचा अनर्थ ओळखतां येतो, हा निष्कर्ष त्यांनीं १९८२ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत मांडला. तालुक्याच्या डॉक्टरानें लिहिलेलें साऱ्या जगानें वाचावें, याचें आपल्याला कौतुक वाटतें. मला त्याहून मोलाचें वाटतें तें असें कीं, आतां खेड्यांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यालाहि कोणत्या मुलाजवळ रात्रभर जागावयाचें हें कळूं लागलें.

पुण्यास एम. डी. करून ते पुन्हां कोंकणांतच परतले. रोगाची रीत कळल्यावर उपायाचा शोध आला. प्राझोसिन हें रक्तदाबावरील औषध आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करतें. विषानें जी गांठ मारली तीच हें औषध सोडवितें, हें ओळखून त्यांनीं तें विंचुदंशांत वापरलें. आणि १९८६ सालीं पत्नी डॉक्टर प्रमोदिनी बावसकर यांच्यासह त्याचा अनुभव 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध केला. औषध स्वस्त, गोळीच्या रूपानें तोंडावाटें देतां येणारें. त्यासाठीं मोठें रुग्णालय लागत नाहीं. फुफ्फुसांत पाणी भरलेल्या रोग्यांपैकीं पूर्वीं शेंकडा २५ ते ३० दगावत. हें प्रमाण पुढें शेंकडा ४ च्या आंत आलें. आंकडा वाचतांना तो लहान दिसतो. ज्या घरचें मूल पहांटेस डोळे उघडून पाणी मागतें, त्या घराला तो केवढा असतो, हें त्या घरानेंच सांगावें.

यापुढची गोष्ट मला सर्वांत थोर वाटते. मनुष्य आपल्या शोधाच्या प्रेमांत पडतो, आणि त्याहून सरस कांहीं असूं शकेल हें त्याला ऐकवत नाहीं. या दांपत्यानें महाडच्या आपल्या रुग्णालयांत ७० रोग्यांवर रीतसर तुलना केली. ३५ जणांना केवळ प्राझोसिन दिलें, ३५ जणांना त्याच्या जोडीला विंचवाच्या विषावरील प्रतिविषहि दिलें. दहा तासांनंतर पाहतां, पहिल्या गटांतील ८ आणि दुसऱ्या गटांतील ३२ रोगी पूर्ण लक्षणमुक्त झालेले होते. आपलें नांव ज्या उपायाशीं जोडलें गेलें होतें, तो एकटा पुरेसा वेगवान नाहीं, हें त्यांनीं २०११ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें स्वतःच छापलें. हाच सडेपणा २०१३ सालीं दुसऱ्या रूपानें दिसला. तपासणीस रोगी पाठविल्याबद्दल एका केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला, तेव्हां हिंमतरावांनीं तो मुकाट्यानें खिशांत न घालतां वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. तिच्यामागें हा सारा हिशेब आहे.

लहान गांवांत राहून मनुष्य मागें पडतो, असें आपण गृहीत धरतों. येथें तर लहान गांवच शोधाचें कारण झालें. शहरांतील रुग्णालयांत रोगी पोंचतो तो बहुधा अखेरच्या अवस्थेंत. गांवच्या डॉक्टराला पहिला घाम दिसतो, मधली रात्र दिसते, आणि पुढच्या आठवड्यांत तेंच मूल बाजारांत आईचें बोट धरून चालतांनाहि दिसतें. रोगाचा आदि आणि अंत एकाच मनुष्याच्या डोळ्यांसमोर घडतो. मात्र पाहिलेलें लिहून ठेवण्याची संवय हवी. नाहींतर तीस वर्षांचा अनुभव म्हणजे एकाच वर्षाची तीस वेळां केलेली उजळणी.

आणि आपल्या पांढरपेशा घरांत काय होतें? मुलगा वा मुलगी डॉक्टर झाली कीं मुंबई, पुणें, विलायत यांचीं बोलणीं सुरू होतात. "मी तालुक्याच्या गांवीं जातों," असें एखाद्यानें म्हटलें तर जेवणाच्या पंक्तींत शांतता पसरते. मुलांची शाळा, सुनेचें काम, वडील मंडळींचें वृद्धत्व या काळज्या खोट्या नाहींत. तरीहि कपाटभर पुस्तकें, वकील काका आणि प्राध्यापक मामा असलेल्या घरांना जें धैर्य होत नाहीं, तें देहेडच्या शेतकऱ्याच्या मुलाला झालें, याचा विचार आपण करावयास नको काय?

निदान एवढें तरी आपल्या हातीं आहे. आपल्या गांवांत असा डॉक्टर असेल तर सुई टोंचली नाहीं म्हणून त्याच्या ज्ञानावर संशय घेऊं नये. त्याचे पैसे "घरचाच माणूस" म्हणून थकवूं नयेत. आणि तो औषधाचें कारण समजावून देत असेल तर घाई न करतां ऐकावें. त्याच्या हाताला गुण आहे हें खुशाल म्हणावें. फक्त तो गुण त्यानें जागून मिळविलेला आहे, हें घरांतल्या मुलांनाहि सांगावें.