फर्दापूरहून लंडनला

पर्यटक कोणत्या जातीचा, हे अजिंठ्याच्या लेण्यांजवळच्या फर्दापूरच्या माणसाला टी-पॉइंटवरच कळतं. एकाचं लक्ष घड्याळावर असतं. संध्याकाळी जळगावची गाडी गाठायची म्हणून एक, दोन, सोळा, सतरा एवढी लेणी उरकायची आणि पाय चाललेच तर सव्वीसमधला निजलेला बुद्ध. दुसरा पहिल्याच लेण्यात अडकतो. पद्मपाणीसमोर उभा राहतो, पहारेकरी "चला, पुढे चला" म्हणाला की बाहेर येतो, चपला घालतो, पुन्हा काढतो आणि पुन्हा रांगेत लागतो. तिसरा सोमवारी येतो. सोमवारी अजिंठा बंद, हे त्याला निघताना कुणी सांगितलेलं नसतं. तो थोडा वेळ बंद फाटकाशी भांडतो आणि वेरूळकडे वळतो.

जन्मभर दुसऱ्यांच्या सहली बघितल्या, आता आपली आखायची आहे. भाचा लंडनला नोकरीला आहे, त्यामुळे राहण्याचा प्रश्न मिटला. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागेल तेवढं जाऊ. खरी मजा वहीत आहे. रात्री जेवणं झाली की नकाशा उघडायचा, दोन ठिकाणांमधलं अंतर बोटाने मोजायचं, एक वार खोडून दुसरा लिहायचा. अशा वेळी पैसेही लागत नाहीत आणि पायही दुखत नाहीत.

भाच्याने यादी पाठवली आहे. बिग बेन, टॉवर ब्रिज, राजवाड्यासमोरची पहारेबदली, मेणाचे पुतळे, उंच पाळणा. यादीत वाईट काही नाही. पण वाचताना मला तो घड्याळवालाच दिसतो, फक्त त्याच्या अंगात माझा शर्ट असतो. म्हणून ठरवलं, थोडं बघायचं आणि आवडलं तर तेच दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. आणि काय बघायचं ते अजिंठ्यालाच विचारायचं.

अजिंठ्याचं लंडनशी जुनं देणंघेणं आहे. 1819 साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथने दहा नंबरच्या लेण्यात खांबावर आपलं नाव कोरलं, तिथून ते सुरू झालं. पुढे 1844 मध्ये कंपनी सरकारने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला करायला नेमलं. तो अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला. त्याची आणि पारोची प्रेमाची गोष्ट कवी महानोरांच्या दीर्घकवितेने आणि नितीन देसाईंच्या सिनेमाने घरोघर नेली. गावात पारोची कबर आहे, 1856 ची. चित्रांचं पुढे काय झालं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

गिलने वर्षानुवर्षं खपून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या. त्या समुद्रापार गेल्या आणि लंडनच्या दक्षिणेला, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या. डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागली आणि मोजक्या सोडून सगळ्या जळाल्या. गिलने पुन्हा कामाला हात घातला. 1879 मध्ये तो गेला, त्याची कबर भुसावळला आहे. तो काचेचा महालही 1936 च्या आगीत संपला. आता तिथे बाग आहे. जुन्या गच्चीच्या पायऱ्या, दगडी स्फिंक्स आणि तळ्याकाठी व्हिक्टोरियन काळातले सिमेंटचे डायनोसॉर. भाचा म्हणतो, "मामा, तिथे बघण्यासारखं काही नाही." डायनोसॉर आहेत की, मी म्हटलं. वहीत सिडनहॅमला अख्खी दुपार दिली आहे.

गिलनंतर मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. 1872 पासून 1885 पर्यंत काम चाललं. त्या पोरांचा मला फार हेवा वाटतो. दिवसचे दिवस एकाच भिंतीसमोर बसायचं, आणि त्याला कुणी वेळ वाया घालवणं म्हणायचं नाही! त्यांच्या नकला दक्षिण केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या. 1885 मध्ये तिथेही आग लागली आणि शंभरावर चित्रं गेली. भिंतीवरची दीड हजार वर्षांची मूळ चित्रं वटवाघळं आणि ओल सोसून अजून उभी आहेत, आणि जपून ठेवायला म्हणून केलेल्या नकला दोनदा जळाल्या. तरी गिलच्या आणि ग्रिफिथ्सच्या मिळून 166 उरल्या आहेत. त्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत, पण 1955 पासून कायमच्या मांडलेल्या नाहीत. म्हणजे आधी पत्र लिहून विचारायला हवं. पत्राचा मसुदा वहीच्या मागच्या पानावर तयार आहे. "मी अजिंठ्याजवळ राहतो" हे वाक्य कुठे घालावं, एवढंच ठरत नाही. सुरुवातीला घातलं तर हक्क सांगितल्यासारखं वाटतं. त्यांनी नाही म्हटलं तरी संग्रहालय फुकट आहे आणि शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं.

कॉव्हेंट गार्डनला थिएटर बाहेरूनच बघू. भारतदौऱ्यानंतर 1923 मध्ये ॲना पाव्हलोव्हाने तिथे अजिंठ्याच्या चित्रांवरून बसवलेला बॅले केला होता. आतलं तिकीट आपल्याला परवडायचं नाही.

महिना जूनच. डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. उजेडाची किंमत लेण्यांच्या माणसाला कळते; पूर्वी इथे आत पत्र्यावरून ऊन परतवून भिंतीवर पाडायचे, तेव्हा कुठे चेहरे दिसायचे.

बायकोने वही वाचली. सिडनहॅमवर काही बोलली नाही, पत्राला हसली. मग पेन घेऊन तिने गुरुवारच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: टॉवर, कोहिनूर. तिकिटाचा दर मी तिला दाखवला. तिने दोन माणसांचा गुणाकार करून बेरीज शेजारी मांडली आणि वही मला परत दिली.