एफ-फाइव्हची यादी

विंडोज एनटी ४.० बसवताना सुरुवातीलाच पडद्यावर ओळ यायची, यंत्राची तपासणी चालू आहे म्हणून. तेवढ्या दोन-चार सेकंदांत एफ-फाइव्ह दाबलं की यादी उघडायची. यांपैकी तुमचं यंत्र कोणतं? एएसटी मॅनहॅटन. कॉम्पॅक सिस्टमप्रो. कोरोलरी सी-बस. एनसीआर ३०००. ऑलिव्हेटी. वाईज ७०००. सगळ्यांच्या पोटात इंटेलच्याच घराण्यातले प्रोसेसर, ३८६, ४८६ नाहीतर पेंटियम. बैल एका जातीचे, जू मात्र ज्याच्या त्याच्या सुताराचं.

आमच्या अवसरी खुर्दला हे समजावायला वेळ लागत नाही. शर्यतीच्या घाटात चार बैलांचा गाडा पळतो, दोन जुकाटाला, दोन धुरेला. चारही खिल्लार असले म्हणून कोण कुठे जुंपायचा हे आपोआप ठरत नाही.

यादीतलं आणि यादीबाहेरचं जे गेलं, त्यातलं आठवतं ते असं.

सीक्वेंट सिमेट्री, १९८७. एका कपाटात तीसपर्यंत ३८६. काम आलं की हाक, म्हणजे इंटरप्ट, कुणाला द्यायची, एवढं ठरवायला त्यांनी स्वतःची चिप घडवली होती.

कॉम्पॅक सिस्टमप्रो, १९८९. दोन प्रोसेसर, पण बरोबरीचे नव्हेत. डिस्कची, कीबोर्डची, नेटवर्कची हाक पहिल्यालाच जायची. दुसऱ्यानं खाली मान घालून आकडेमोड करायची. थोरल्यानं बाजार नि कचेरी बघायची, धाकट्यानं रान.

एनसीआर व्हॉयेजर. बस मायक्रो चॅनेलची, इंटरप्टची रचना जगावेगळी. लिनक्समध्ये त्याच्यासाठी वेगळा कोड होता, जेम्स बॉटम्ली त्याची निगा राखायचे. २००९ साली तो काढला. आमच्या गावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं तेही त्याच साली.

न्यूमा-क्यू. चार-चार प्रोसेसरची खोकी केबलनं एकमेकांना बांधायची. शेजारच्या खोक्यातली मेमरी वाचता यायची, पण वेळ लागायचा. उसनं आणायला शेजारी जावं तसं. ते करणाऱ्या सीक्वेंटलाच १९९९ साली आयबीएमनं विकत घेतलं.

एसजीआय ३२० आणि ५४०, तेही १९९९चेच. पेंटियमचं यंत्र आणि बायोस नाही! प्रोसेसरची आणि चित्रांची मेमरी एकच. यांच्यावर माझा जीव जरा जास्त होता, हे कबूल करतो.

हे सगळं मोडीत काढायला कुणी दुष्ट आला नव्हता. इंटेलनं १९९४ साली बहुप्रोसेसर यंत्रांसाठी एक करारनामा काढला. यंत्रानं मेमरीतल्या ठरलेल्या जागी एम, पी आणि दोन बाजूंना अंडरस्कोअर अशी चार अक्षरांची खूण ठेवायची. ऑपरेटिंग सिस्टिमनं ती शोधायची, तिथून तक्ता गाठायचा. प्रोसेसर किती, कुठली हाक कुठे जाते, सगळं त्यात मांडलेलं. तक्ता मिळाला की यादीत निराळं नाव लागेना. हल्ली एफ-फाइव्ह दाबलं की पान ताजं होतं, बस.

२०१४च्या एप्रिलमध्ये लिनक्समधून न्यूमा-क्यू आणि एसजीआयही गेले. ज्यांच्याकडे निगराणी होती ते एकतर दिसेनासे झाले होते, नाहीतर स्वतःच काढा म्हणाले होते. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती थांबवल्या. शर्यती २०२१च्या डिसेंबरात परत आल्या.

हळहळ वाटते, पण पुरती नाही. मंचर, कळंब, नारायणगाव करत खोडदला जा. तिथं रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांचे संदेश जुळवायला आधी खास घडवलेली यंत्रणा होती; २०१०च्या सुमारास ते काम बाजारात मिळणाऱ्या इंटेलच्या संगणकांवरही होऊ लागलं. प्रत्येक पेटीचं जू निराळं असतं तर त्यांची अशी रांग लावायला कोण धजलं असतं?

माझ्या पहिल्या नोकरीत एक सिस्टमप्रो होता. जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद ‘संगणक, नग १’. निर्लेखन झालं तेव्हाही तेवढीच. आत दोन प्रोसेसर होते, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. भंगारवाल्यानं मात्र तो दोनदा उचलून पाहिला, आणि पत्रा जड आहे म्हणाला.