मालक, कंट्रोलर आणि २५५

"सर, सेन्सरच खराब आहे."

हे वाक्य एकदाही न म्हटलेला ई अँड टीसीचा विद्यार्थी दाखवा आणि टपरीवर माझ्याकडून एक कटिंग घेऊन जा! त्या दिवशी मी ते तीन वेळा म्हणालो. थर्ड इयरचं प्रॅक्टिकल. हवेचा दाब मोजणारा नखाएवढा सेन्सर एस.पी.आय. बसवर जोडायचा, चार वायरी लावायच्या आणि स्क्रीनवर आकडा आणायचा. आकडा येत होता. २५५. वायर हलवली, २५५. सेन्सरवर फुंकर मारली, तरी २५५. पार्टनर म्हणाला, "निदान कन्सिस्टंट तरी आहे बाबा."

सिव्हिल-मेकॅनिकलच्या दोस्तांसाठी थोडक्यात सांगतो. या बसवर एक चिप हुकूम देते, बाकीच्या ऐकतात. हुकूम देणारीला मास्टर म्हणायचं आणि ऐकणारीला स्लेव्ह. त्यावरूनच वायरींची नावं पडली. मोसी म्हणजे मास्टर आउट स्लेव्ह इन, मिसो म्हणजे त्याच्या उलट. यात सोय अशी की मोसीला मोसी आणि मिसोला मिसो, नावाला नाव जोडलं की काम झालं. डोकं लावावं लागत नाही. आमच्या लॅबमध्ये त्या वर्षी आलेल्या नव्या बोर्डावर आणि सेन्सरवर मात्र एस.डी.आय. आणि एस.डी.ओ. लिहिलेलं. सिरियल डेटा इन, सिरियल डेटा आउट. मी सवयीने नावाला नाव जोडलं. म्हणजे तोंडाला तोंड आणि कानाला कान! बोलणारे दोघं, ऐकणारा कुणीच नाही. (आमच्या हॉस्टेलच्या मीटिंगसारखं.)

कारण कळेपर्यंत वेळ संपली होती आणि प्रॅक्टिकल रिपीट लागलं होतं.

माझं डोकं फिरलं, कारण या नावबदलाबद्दल मी नुकतंच वाचलेलं होतं. २५ मे २०२० ला अमेरिकेत मिनिॲपोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, देशभर मोर्चे निघाले, आणि त्यानंतर मास्टर-स्लेव्ह या जोडीवर सगळीकडून टाच आली. ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशनने त्याच वर्षी मोसी-मिसो सोडा असं सुचवलं. १ ऑक्टोबर २०२० पासून गिटहबवर नव्या रिपॉझिटरीची पहिली ब्रँच 'मास्टर' ऐवजी 'मेन' झाली. आय-टू-सी बसच्या स्पेसिफिकेशनमध्ये २०२१ साली कंट्रोलर आणि टार्गेट आलं. मी निष्कर्ष काढून मोकळा: अमेरिकेत काहीतरी झालं आणि इथे माझं प्रॅक्टिकल गेलं.

रात्री मेसमध्ये मी हाच विषय काढला. त्या दिवशी वांग्याची भाजी होती, त्यामुळे जेवण्यात कुणाला फारसा रस नव्हता आणि वादाला माणसं भरपूर मिळाली.

पुणेकर म्हणाला, "चिपला काय वाईट वाटतं का स्लेव्ह म्हटलं तर?" सांगलीकराचा मुद्दा वेगळाच. "गिटमध्ये मास्टर ब्रँच आहे, पण स्लेव्ह ब्रँच कुठाय? मास्टर म्हणजे मास्तर रे! पोस्टमास्तर, स्टेशनमास्तर, टेलरमास्तर. उद्या काय टेलर-मेन म्हणायचं का?" टेबलावर हशा. मग एकाने किबीबाइट काढला. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, म्हणून ५०० जीबीची हार्ड डिस्क आपल्याला ४६५ दिसते. हा घोळ मिटवायला १९९८ मध्ये आय.ई.सी.ने किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी नावं ठरवून दिली. "पंचवीस वर्षं होऊन गेली, दुकानात जाऊन कुणी गिबीबाइट मागितलाय? ज्याने खरोखर गोंधळ मिटला असता ते नाव चालत नाही, आणि म्हणे मिसो बदला!"

विरुद्ध बाजूला कॉम्प्युटरचा एकटाच होता, पण तयारीचा. तो म्हणाला, हे काही २०२० मध्ये उगवलेलं नाही. लॉस एंजेलिस काउंटीने २००३ मध्येच सप्लायरना सांगितलं होतं की मास्टर-स्लेव्ह लिहिलेला माल शक्यतो नको. जॅंगोने २०१४ मध्ये हे शब्द काढले, रेडिसने २०१८ मध्ये 'रेप्लिका' आणलं. "आणि बघ, डेटाबेसमध्ये तो दुसरा सर्व्हर गुलामी करतच नाही. तो नक्कल ठेवतो. मग रेप्लिका हा शब्द जास्त बरोबर नाही का?"

मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी आवाज चढवला. "अरे पण गुलामगिरी अमेरिकेची, पाप त्यांचं. आपला काय संबंध? शब्दात काय असतं?"

टाळ्या पडल्या. मी जिंकलो असं समजून ताक प्यायलो.

माझा रूम पार्टनर लातूरकडचा. त्याला सगळे भाऊ म्हणतात. वाद चालू असताना तो समोरच बसला होता, एक शब्द बोलला नव्हता. रूमवर आल्यावर दिवा बंद केला आणि मग म्हणाला, "झोपला का? 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केलंय माहीत आहे का तुला?"

मला पुस्तक माहीत होतं. जोतिराव फुले, १८७३. शाळेत एका मार्काला असतं. अर्पणपत्रिका कोण वाचतं?

"अमेरिकेतल्या लोकांना. त्यांनी तिथल्या काळ्या गुलामांना मोकळं केलं म्हणून. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसलेल्या माणसाला संबंध दिसला, आणि तू म्हणतोस आपला काय संबंध."

मग तो बराच वेळ बोलत होता. त्याचे आजोबा सालगडी. पाडव्याला साल ठरायचं, उचल घ्यायची आणि पुढच्या पाडव्यापर्यंत रात्रंदिवस त्या घरचं. उचल फिटायची नाही, मग पुढचं साल. वडिलांनी कर्ज फेडून त्यांना सोडवलं. "तरी म्हातारा मरेपर्यंत त्या माणसाला मालकच म्हणत होता. समोर दिसला की चप्पल काढायचा. साल सुटलं, शब्द सुटला नाही."

मी विचारलं, "म्हणजे मिसोचं नाव बदललं ते बरोबरच म्हणायचं?"

"मिसोशी मला काय घेणं नाही रे. पण आमच्या वस्तीला जातीचं नाव होतं. २०२० च्या डिसेंबरात सरकारने निर्णय काढला, जातीवाचक नावं असलेल्या वस्त्यांची, रस्त्यांची नावं बदला. आमच्याकडे बदललं, कमान पण लागली. गावातले लोक अजून जुन्याच नावाने बोलतात. वस्तीत गटार तेच, नळाला पाणी तसंच. फक्त एक झालं. इथला ॲडमिशनचा फॉर्म भरताना पत्त्याच्या रकान्यात माझा हात थांबला नाही. बारावीपर्यंत थांबायचा."

मी गप्प. खरं सांगायचं तर शब्द सापडत नव्हते म्हणून नाही. परभणीला आमच्या शेतावर सालगडी आहेत. मी जन्मायच्या आधीपासून आहेत. वडिलांपेक्षा वयाने मोठे, आणि मी पाच वर्षांचा असल्यापासून त्यांना नुसत्या नावाने, अरे-तुरे करून हाक मारतो. हे भाऊला मी त्या रात्री सांगितलं नाही. हा अंक हातात पडेल तेव्हा त्याला कळेल.

दुसऱ्या दिवशी लॅब असिस्टंट काकांना मी माझी नावबदलाची तक्रार ऐकवली. काकांनी आधी हार्ड डिस्कच्या मागे मास्टर-स्लेव्हचा जंपर चिमट्याने कसा लावायचे ते सांगितलं (हे ते प्रत्येक बॅचला सांगतात), आणि मग म्हणाले, "बाळ, सिलॅबसमधला पिक मायक्रोकंट्रोलर शिकलास ना? त्याच्या पिना बघ." बघितल्या. एस.डी.आय., एस.डी.ओ. हे नाव जॉर्ज फ्लॉइडच्या कितीतरी आधीपासून त्या पिनांवर आहे! माझं प्रॅक्टिकल अमेरिकेने घालवलं नव्हतं. डेटाशीट न उघडल्याने गेलं होतं. मेसमधल्या टाळ्या आठवून कानाची पाळी गरम झाली.

दिवाळीला घरी गेलो. पहाटे गोठ्याकडे गेलो तर ते धारा काढत होते. रस्त्यात एस.टी.त ठरवून ठेवलं होतं, त्याप्रमाणे म्हणालो, "काका, चहा घेतला का तुम्ही?" त्यांनी मागे वळून पाहिलं, आपल्यामागे आणखी कुणी उभं आहे का ते बघितलं, आणि चरवी खाली ठेवून उठले. "काय झालं मालक? तब्येत बरी हाय ना?" मी बरी आहे म्हणालो. दुसऱ्या दिवशीही काका म्हणालो. तेव्हा ते हसले फक्त. आई चुलीपाशी होती, ती काही बोलली नाही, वडील म्हणाले, "कॉलेजात हेच शिकवतात का?" यंदाच्या पाडव्याला साल किती ठरलं होतं, उचल किती बाकी आहे, हे मी विचारायला हवं होतं. चार दिवस होतो. विचारलं नाही.

सुट्टीनंतर रिपीट प्रॅक्टिकल दिलं. एस.डी.ओ. एस.डी.आय.ला जोडला, आकडा हलला. भाऊ म्हणाला, "बघ, फुंकर मार आता." जर्नलमध्ये मी कंट्रोलर आणि पेरिफेरल लिहिलं. काकांनी लाल पेनाने प्रत्येक ठिकाणी कंसात जुनी नावं लिहायला लावली, कारण एक्स्टर्नल कुठल्या पुस्तकातून विचारतील याचा भरवसा नाही. जर्नल तसंच सबमिट झालं.