सांगण्यापेक्षा विचारणे बरे

आपल्या समाजातील अनेक घरांत सत्तरी-ऐंशी ओलांडलेली मंडळी आहेत, आणि ती नुसती बसून नाहीत. पहाटे सामायिक, मग मंदिरात दर्शन, त्यानंतर दुकानाच्या गादीवर दोन तास, असा त्यांचा दिवस असतो. एकदा पाय घसरला की हा सारा दिनक्रम मोडू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांची संख्या सर्वाधिक असते.

काय करावे हे घरोघरी ठाऊक आहे. न्हाणीघरात आधाराचा दांडा, रात्री मंद दिवा, न घसरणारी चप्पल, पायांत बळ राहावे म्हणून थोडा व्यायाम. ही यादी कोणीही सांगेल. अडचण निराळीच आहे. ज्यांच्यासाठी ही यादी असते, ते ती मनावर घेत नाहीत. त्यामागे त्यांचे काही कारण असते आणि ते कारण त्यांना सहसा कोणी विचारत नाही.

माझे थोरले बंधू अण्णा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत आहे. कारभार आता मुलगे पाहतात, तरी सौद्याच्या वेळी अण्णा हजर असतात. गेल्या वर्षी ते दोनदा पडले. पहिल्यांदा न्हाणीघरात पडले, ते त्यांनी कोणालाच सांगितले नाही. दंडावरचा काळानिळा डाग पाहून वहिनींनी ओळखले. दुसऱ्यांदा मंदिराच्या ओल्या संगमरवरी पायरीवर तोल गेला. मग घरात फर्माने निघाली. यार्ड बंद, पायऱ्या बंद, काठी सक्तीची. अण्णांनी काठी दाराआड उभी केली आणि बोलणेच कमी केले. मला एकदा एवढेच म्हणाले, “काठी टेकत यार्डात गेलो, तर माल घालणारा शेतकरी म्हणेल, अण्णा संपले. व्यापाऱ्याची पत त्याच्या चालीतसुद्धा असते रे.”

घरच्यांची काळजी खरी होती आणि अण्णांचे म्हणणेही खरे होते. शिवाय घरात बसवून ठेवण्याने धोका टळत नाही. पडण्याच्या भीतीने माणूस हालचाल कमी करतो, त्यामुळे पायांचे स्नायू दुबळे होतात आणि पडण्याचा संभव उलट वाढतो.

ही कोंडी फोडली ती अण्णांच्या नातसुनेने. ती फिजिओथेरपिस्ट आहे. ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ नावाच्या समुपदेशन पद्धतीचे शिक्षण तिने घेतले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनात अडकलेल्यांसाठी ही पद्धत प्रथम मांडली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनी तिचा विस्तार केला. आता मधुमेहापासून वृद्धांचे पडणे टाळण्यापर्यंत ती वापरली जाते. तिचे सूत्र सोपे आहे: बदलाचे कारण समुपदेशकाने सांगायचे नाही, ते त्या माणसाच्या तोंडून आले पाहिजे.

एका दुपारी ती अण्णांजवळ बसली. मी तेथेच होतो. काठीचा विषय तिने काढलाच नाही. “आजोबा, रोजच्या दिवसातलं काय कधीच सोडावं लागू नये असं तुम्हाला वाटतं?” अण्णा लगेच म्हणाले, “सौद्याला उभं राहणं.” मग तिने विचारले, “पडू नये म्हणून काही करणं तुम्हाला शून्य ते दहात किती महत्त्वाचं वाटतं?” अण्णा म्हणाले, “चार.” इतके कमी का, असे तिने विचारले नाही. तिने विचारले, “चार का? एक-दोन का नाही?” अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “खुब्याचं हाड मोडलं तर यार्ड कायमचं सुटेल. शेजारच्या गाळ्यातल्या अडत्याचं तसंच झालं.” घरातले सगळे जे महिनाभर बजावत होते, ते आता अण्णा स्वतः सांगत होते.

बँकेत कर्जवसुलीचे काम करताना मी हेच पाहिले आहे. वरून लादलेली हप्त्याची तारीख कर्जदार चुकवतो. आपल्या हंगामाचा हिशेब मांडून त्याने स्वतः सांगितलेली तारीख तो बहुधा पाळतो.

त्यानंतर तिने परवानगी मागितली, “आजोबा, काय काय करता येतं ते सांगू का?” तिने चार-पाच उपाय सांगितले आणि निवड त्यांच्यावर सोडली. अण्णांनी न्हाणीघरातला दांडा, रात्रीचा दिवा आणि व्यायाम निवडला. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे आणि टेबलाची कड धरून टाचा उचलणे, हा तो व्यायाम. काठीला त्यांनी नकार दिला आणि तिने वाद घातला नाही. बळ आणि तोल यांच्या व्यायामाला ठोस आधार आहे. शंभराहून अधिक चाचण्यांचा २०१९ मध्ये जो एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

अण्णा आज यार्डात जातात. काठी फक्त पावसाळ्यात, मंदिराच्या पायऱ्यांपुरती हाती घेतात. मला याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. परवा ते आपणहून म्हणाले, “सकाळी उठताना जरा तोल गेला होता.” लपवणे थांबले, म्हणून डॉक्टरांना रक्तदाबाची गोळी तपासता आली.

संवाद हा वैद्यकीय तपासणीला पर्याय नव्हे. नजर, रक्तदाब, झोपेच्या गोळ्या यांची तपासणी व्हायलाच हवी. आपल्याकडे तर उपवास आणि चौविहार असतात. पाणी कमी पडले की उठताना चक्कर येते. म्हणून पर्वकाळापूर्वी औषधांबाबत डॉक्टरांना विचारावे आणि अंथरुणातून उठताना मिनिटभर कडेला बसून मगच उभे राहावे. पण हेही ज्येष्ठांना आज्ञा म्हणून सांगितले, तर ते दाराआडच्या काठीसारखे पडून राहील.

वाचकहो, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की घरातल्या ज्येष्ठांजवळ निवांत बसा. त्यांना काय सोडायचे नाही, हे आधी विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा, आणि ते पूर्ण होईपर्यंत आपली यादी बाहेर काढू नका.